लॅपटॉप स्वस्त, दुरुस्ती महाग

विद्यार्थ्यांना लॅपटॉप देण्याची घोषणा कोणत्याही पक्षाला आवडते. तो बिघडला तर काय, हे मात्र कोणी बोलत नाही.

रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट गावच्या शाळेत 2007 मध्ये 'दर मुलामागे एक लॅपटॉप' या मोहिमेतील एक्सओ लॅपटॉप आले. शंभर डॉलरचा म्हणून गाजलेला हा लॅपटॉप प्रत्यक्षात त्या वर्षी सुमारे 188 डॉलरला पडत होता. पहिल्या मॉडेलमध्ये वायरलेसची चिप मदरबोर्डलाच सोल्डर केलेली होती. ती गेली की एकतर अख्खा बोर्ड बदला, नाहीतर बाहेरून यूएसबीला डोंगल लावा. पुढच्या एक्सओ-1.5 मध्ये मात्र काढून बदलता येणारे वायरलेस कार्ड दिले गेले. बनवणाऱ्यांनीच मार्ग दाखवला. खरेदी करणाऱ्यांनी तो धरायला हवा.

आम्ही बँकेत आकडे मांडणारी माणसे. खरेदीची किंमत हा पहिला खर्च, शेवटचा नव्हे, एवढे आम्हाला कळते. शंभर रुपये वाचवून अख्खे यंत्र भंगारात घालणे ही काटकसर नव्हे.

केशवराव कोरटकरांच्या नावाने शाळा चालवणाऱ्या नारायणगुड्याला शिक्षणाची किंमत सांगायला नको. म्हणून समाजबांधवांना विनंती : मत मागायला येणाऱ्यांना आणि आपल्या संस्थाचालकांनाही विचारा. टेंडरमध्ये बदलता येणारे कार्ड, पाच वर्षे सुटे भाग आणि शहरातच दुरुस्ती, या तीन अटी आहेत का? नसतील तर ती देणगी नव्हे, नुसता फोटो.