गोळी सुटता कामा नये

एच.आय.व्ही.चा रिपोर्ट हातात पडला की माणूस तपासणी केंद्राच्या पायऱ्या उतरतो आणि पुष्कळदा तिथूनच हरवतो. औषध नाही म्हणून नव्हे. सरकारी एआरटी केंद्रांतून हे औषध २००४ पासून मोफत मिळते, आणि २०१७ पासून तर सीडी-४ कितीही असो, लागण झालेल्या प्रत्येकाला ते देण्याचे धोरण आहे. माणूस हरवतो तो लोकलाजेने. कागद पेटीच्या तळाशी जातो. घरात सांगायचे कसे, चाळीत कळले तर काय, यात महिने जातात. पुढे क्षयाने गाठले की मग उचलून न्यावे लागते.

म्हणून कार्यकर्त्यांना आम्ही सांगतो, पहिल्या महिन्यात उपदेश नको, सोबत चला. केसपेपर, रक्त, समुपदेशन, एकेका रांगेत दिवस मोडतो. नाक्यावरच्या कामगाराचा खाडा म्हणजे त्या दिवसाच्या चुलीचा प्रश्न. (प्रकृती स्थिर झाली की एकदम जास्त महिन्यांच्या गोळ्या मिळू शकतात, तेव्हा खेपा कमी होतात.) जवळच्या केंद्रात ओळखीचे कोणी भेटेल अशी धास्ती असेल, तर समुपदेशकाला तसे स्पष्ट सांगावे, केंद्र बदलून मिळते. ऊसतोडीला किंवा गावी जायचे असेल तरी आधी सांगावे, गोळ्यांची सोय करून घ्यावी.

सुरुवातीला मळमळते, डोके दुखते, झोप उडते. बहुतेकांचे हे काही आठवड्यांत कमी होते. त्रास डॉक्टरांना सांगावा, गोळी परस्पर बंद करू नये. दुसरा घात बरे वाटू लागल्यावर होतो. अंग भरले, भूक लागली की गोळी सुटते. पण औषध विषाणूला दाबून ठेवते, मुळापासून काढत नाही. मध्येच सोडले तर तो पुन्हा वाढतो आणि औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. उलट, नेमाने गोळी घेऊन तपासणीत विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे नवराबायकोने एकत्र बसून समुपदेशकाकडून ऐकावे. अनेक घरे एवढ्याने सावरतात.

संमतीवाचून कुणाची लागण उघड करणे, केवळ त्या कारणाने कामावरून काढणे याला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. पण विहाराच्या ओट्यावरची कुजबुज कायदा कुठे थांबवणार? ज्या आजारी भिक्खूजवळ कोणी फिरकत नव्हते, त्याला भगवंतांनी आनंदासह स्वतः न्हाऊ घातले, ही कथा वर्षावासात आपण सारेच ऐकतो. ऐकून उठतो आणि ओट्यावर बसतो!

कुणाला आमच्याशीही बोलायचा संकोच वाटत असेल तर १०९७ वर फोन करावा. पैसे लागत नाहीत, बोलणे गुप्त राहते.