कल्याण केव्हा घेतले?

कल्याणच्या सुभेदाराची सून शिवाजी महाराजांनी सन्मानाने परत पाठवली, ही गोष्ट कल्याण-डोंबिवलीतल्या शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असते. महाविद्यालयात इतिहासलेखनावर शोधनिबंध लिहायचा तर याहून चांगला विषय घराजवळ मिळणे कठीण.

ही गोष्ट कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे लिहिली, हा खरा प्रश्न. ग्रँट डफचा ग्रंथ 1826चा. तो कल्याणवरची स्वारी 1648च्या सुमारास मांडतो. जदुनाथ सरकार 1657 सांगतात. नऊ वर्षांची ही तफावत कुठून आली, याचा माग काढता काढता विद्यार्थी बखरींपर्यंत पोहोचतो. पुढे सावरकर ‘सहा सोनेरी पाने’मध्ये याच प्रसंगाला सद्गुणविकृतीचे उदाहरण ठरवतात. इतरांनी आदर्श मानलेल्या गोष्टीत त्यांना दोष का दिसला, याचा शोध हा अशा निबंधाचा गाभा.

हे काम परीक्षेच्या आदल्या रात्री उरकता येत नाही. आधी प्रश्न ठरवावा, मग कालक्रमाने ग्रंथांची टिपणे काढावीत, लेखक शेजारी शेजारी ठेवून वाचावेत आणि त्यानंतरच कच्चा खर्डा लिहावा. प्रत्येक टप्प्याचा कागद शिक्षकांनी तपासून परत दिला, तर उसनवारीला जागाच उरत नाही. नुसत्या अंतिम प्रतीला गुण देण्याची पद्धत बदलायलाच हवी.

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864पासूनचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893चे. इतिहासाच्या शिक्षकांनी यंदा निदान एक वर्ग तिथे भरवावा.