एकाच पातेल्यातली मॅकरोनी

डोंबिवली-ठाण्याच्या रस्त्यांवरून पोळी-भाजी केंद्रांच्या पाट्या वाचीत कोणी हिंडले, तर इथल्या माणसाचे पोट गव्हावरच चालते अशी त्याची खात्री पटेल. सकाळची लोकल गाठणाऱ्या घरात डब्याला पोळी, मुलांच्या मधल्या सुट्टीला सँडविच आणि संध्याकाळी रव्याचा उपमा. अशा गावात ज्या मुलाला गहू चालत नाही, त्याने खायचे काय? आणि त्याहून अवघड प्रश्न म्हणजे, त्याने खायचे कोणाबरोबर?

प्रश्न माझ्या घरातला आहे. माझ्या सहा वर्षांच्या नातीला सिलिअॅक हा आजार आहे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. त्याने या मुलांच्या लहान आतड्याचे अस्तर खराब होते. मग खाल्लेले अंगी लागत नाही, वजन-उंची खुंटते, रक्त कमी होते. हॉलंडमध्ये 1944-45 च्या हिवाळ्यात दुष्काळामुळे पाव मिळेनासा झाला, तेव्हा अशी आजारी मुले सुधारू लागली. विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाने गव्हाचा हा संबंध 1950 च्या आपल्या प्रबंधात मांडला. आजही या आजारावर खात्रीचा उपाय एकच, जन्मभराचे पथ्य. मात्र कुणी सांगितले म्हणून परस्पर गहू बंद करू नये. रक्ताची तपासणी गहू खाण्यात असतानाच करावी लागते, नाहीतर आजार असूनही अहवालात तो दिसत नाही.

हे ऐकून शेजारणी म्हणतात, ‘‘अहो काकू, मग सोपं आहे की! भाकरी द्या तिला.’’ खरेच आहे ते. कल्याण-डोंबिवलीच्या आसपासच्या आगरी घरांत तांदळाची भाकरीच पिढ्यान्‌पिढ्या होत आली. नाचणी, ज्वारी, घावन, आंबोळी यांना ग्लूटेन ठाऊक नाही. मालवणकडचे शिरवाळे म्हणजे तर तांदळाच्या शेवयाच.

पण मुलाला नुसती भूक नसते; त्याला पंगतही हवी असते. सोसायटीतल्या वाढदिवसाला बाकीची मुले मॅकरोनीच्या बशा घेऊन बसतात, आणि आमची नात कोपऱ्यात आपला डबा उघडते. त्या डब्यात कितीही पौष्टिक भाकरी असो, तिला ती शिक्षाच वाटते. म्हणून माझे म्हणणे असे की, त्या मुलापुरते वेगळे करू नका. सगळ्यांसाठीच एका पातेल्यात करा.

ते अवघडही नाही. चार मुलांना दोन वाट्या तांदळाची किंवा मक्याची मॅकरोनी पुरते. ती भरपूर उकळत्या, मिठाच्या पाण्यात शिजवावी आणि जराशी कच्ची असतानाच काढावी, कारण तांदळाची मॅकरोनी पाहता पाहता लगदा होते. लगेच गार पाणी ओतून निथळावी. दोन कप गार दुधात दीड चमचा तांदळाचे पीठ कालवावे, चमचाभर लोणी घालून मंद आचेवर सतत ढवळावे. दाट झाले की गॅस बंद करून चार चौकोनी क्यूब चीज किसून घालावे. आचेवर ठेवले तर चीज फुटते. वर मिरपूड, हवे तर मटार. डब्यात द्यायची असेल तर रस जरा पातळ ठेवावा. गार झाल्यावर ती आळते.

पाकिटे महाग पडतात, ही तक्रार रास्त आहे. रोज कोणी आणू नयेत. उकडीचे शिरवाळे सोऱ्यातून पाडून, त्यांचे बोटभर तुकडे याच रसात घातले तरी मुले ताटली चाटून पुसून देतात. पाकीट आणलेच तर त्यावर ‘ग्लूटेनमुक्त’ शब्द शोधावा. आपल्या देशात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असल्यास तो शब्द छापता येत नाही.

खरी मेख भांड्यांत असते. कणकेची चाळणी, पोळ्यांचे पोळपाट, पावाला लावलेल्या सुरीने कापलेले लोणी, यातले काहीच चालत नाही. बाजारातल्या बांधानी हिंगातही पुष्कळदा गव्हाचे पीठ असते, हे किती सुगरणींना ठाऊक असेल?

अलीकडे वजन उतरवण्यासाठीही काही जण गहू सोडतात. ते त्यांनी खुशाल करावे. पण त्यामुळे हे पथ्य म्हणजे नखरा, असा समज पसरतो आणि ‘एक घास खाल्ल्याने काय होतंय?’ असे म्हणत कोणी मावशी मुलाच्या तोंडात केक कोंबते. त्या एका घासाने आतड्याला पुन्हा इजा होऊ शकते.

वाढदिवसाचे बोलावणे देताना ‘तुमच्या मुलाला काय चालत नाही?’ एवढे विचारायला पैसे पडत नाहीत. वेगळा डबा हा आजारी मुलाच्या आईचा भार असतो. एक पातेले हा साऱ्या यजमानघराचा आदर असतो. गहू खाणाऱ्या मुलाचे तांदळाच्या मॅकरोनीने काहीच बिघडत नाही, आणि न खाणाऱ्याला मात्र पंगतीत जागा मिळते.