कष्ट पोरांचे, सातबारा कंपनीचा
साप्ताहिक स्तंभ : नियम व अटी लागू

२८ जानेवारी २०२० रोजी ब्लिझार्ड कंपनीने आपला जुना ‘वॉरक्राफ्ट ३’ हा खेळ रंगरंगोटी करून ‘रिफोर्ज्ड’ नावाने पुन्हा बाजारात आणला. चाहते खवळले. आधी दाखवलेली दृश्यं खेळात नव्हती, जुन्या सोयी गायब होत्या, पैसे परत मागणाऱ्यांची रीघ लागली. या गदारोळात एकच काम कंपनीने चोख केलं होतं, ते वकिलांचं. खेळासोबत येणाऱ्या एडिटरमध्ये तुम्ही जे काही रचाल त्याची मालकी ब्लिझार्डची, अशी अट वापराच्या धोरणात होती. एखाद्या देशाच्या कायद्यात असं हस्तांतर बसत नसेल, तर तेवढाच भक्कम कायमचा परवाना कंपनीला द्यायचा, ही तजवीजही होती. बोट शिरेल एवढी फट नाही. कारण दुधाने तोंड एकदा पोळलं होतं. त्या दुधाचं नाव डोटा.

ज्यांच्या घरात कॉलेजात जाणारं पोर नाही त्यांच्यासाठी सांगतो. मॉड म्हणजे विकत घेतलेल्या खेळात खेळणाऱ्यानेच केलेला बदल. कुणी ‘जीटीए’च्या रस्त्यांवर भारतीय गाड्या पळवतो, कुणी नवा नकाशा आखतो, तर कुणी जुन्या खेळाच्या पोटातून अख्खा नवा खेळ काढतो. डोटा हा तिसरा प्रकार. २००३ मध्ये यूल या टोपणनावाच्या एका खेळाडूने वॉरक्राफ्टच्या एडिटरमध्ये तो रचला. पुढे गिन्सू आणि मग आइसफ्रॉग यांनी वर्षानुवर्षं तो घडवला. कुणालाही पगार नव्हता. सैन्यं सांभाळण्याच्या मूळ खेळातून त्यांनी पाच विरुद्ध पाच, एकेका नायकाची लढाई काढली. पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या वसतिगृहांत लॅनच्या वायरी खोल्याखोल्यांतून ओढून रात्र-रात्र चालायची ती हीच.

मग पैसा दिसला. गिन्सू रायट कंपनीत गेला आणि २००९ मध्ये ‘लीग ऑफ लेजंड्स’ आला. आइसफ्रॉगला व्हॉल्व्ह कंपनीने नोकरीवर घेतलं आणि ‘डोटा’ हे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला अर्ज टाकला. ब्लिझार्डने हरकत घेतली. २०१२ मध्ये तडजोड झाली : धंद्यासाठी नाव व्हॉल्व्हचं, चाहत्यांच्या फुकट नकाशांपुरतं ते ब्लिझार्डकडेही. ज्या कंपनीच्या अंगणात डोटा जन्मला, तिला आपल्या तशाच खेळाचं बारसं ‘हीरोज ऑफ द स्टॉर्म’ म्हणून करावं लागलं. डोटाच्या २०२१ च्या विश्वस्पर्धेची बक्षिसं चार कोटी डॉलरच्या वर होती.

गंमत पुढे आहे. मोबाइलवर नक्कल केल्याबद्दल ब्लिझार्ड आणि व्हॉल्व्ह दोघांनी मिळून इतर कंपन्यांना कॅलिफोर्नियातल्या कोर्टात खेचलं, तेव्हा प्रतिवाद्यांपैकी यूकूलने साधा प्रश्न टाकला : डोटा तुमचा आहे हे आधी दाखवा. यूलने २००४ मध्ये जाहीर लिहून टाकलं होतं, की यापुढे ज्याला हवं त्याने डोटाची आवृत्ती काढावी, फक्त श्रेयनामावलीत आठवण ठेवा. हे लिहिल्याने त्याचा हक्क सुटला का? २०१७ मध्ये न्यायाधीश चार्ल्स ब्रेयर यांनी यूकूलची मागणी तिथल्या तिथे मान्य केली नाही, ठरवायचं तर ज्यूरीने ठरवावं म्हणाले. एका पोराने सहज टाकलेल्या दोन ओळींवर मोठमोठ्या कंपन्यांचे वकील तासाच्या दराने कीस पाडत बसले. २०२० ची ती अट याच कीसातून आली आहे.

माझं म्हणणं मी आताच सांगून टाकतो. मॉडर आणि कंपनी यांच्या भांडणात कायदा अस्पष्ट आहे अशी तक्रार नेहमी होते. मला ती अर्धीच पटते. कायदा कंपनीच्या बाजूने पुरेसा स्पष्ट आहे. अस्पष्ट आहे ते मॉडरचं स्थान, आणि ते तसं राहण्यात कंपनीची सोय आहे. मॉड चालू असतो तोवर तो मेहरबानीवर चालतो. आपल्याकडे कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवून कसणाऱ्याचं नाव मालकीच्या रकान्यात आणलं. मॉडर अजून त्याआधीच्या काळातलं कूळ आहे. नांगरट त्याची, बांध त्याचा, आणि सातबारा मालकाचा.

हे अमेरिकी कोर्टाने १९९८ मध्येच जवळपास सांगितलं होतं. ‘ड्यूक न्यूकेम थ्रीडी’ या खेळासोबत लेव्हल बनवायचं साधन मिळायचं आणि ‘बनवा, वाटा, पण फुकट’ असा कंपनीचा उघड आग्रह होता. मायक्रो स्टार नावाच्या कंपनीने चाहत्यांच्या ३०० लेव्हल उतरवून घेतल्या, सीडीवर भरल्या आणि ‘न्यूक इट’ म्हणून विकायला काढल्या. बचाव हुशार होता : या फायलींत ड्यूकचं एकही चित्र नाही. कुठलं चित्र कुठे लावायचं एवढ्या सूचना आहेत, चित्रं मूळ खेळाच्या भांडारातून येतात. न्यायाधीश अ‍ॅलेक्स कोझिन्स्की यांनी तो फेटाळला. प्रत्येक लेव्हल म्हणजे ड्यूकची नवी गोष्ट आहे आणि पुढची गोष्ट सांगायचा हक्क मूळ मालकाचा, असं ते म्हणाले. फुकट वाटपाचा हक्क कंपनीने कदाचित सोडला असेल, पण म्हणून विक्रीचा सुटत नाही. निकाल बरोबरच होता, मायक्रो स्टारची बाजू घ्यायचं काही कारण नाही. पण निकालपत्र वाचताना जाणवतं, की त्या ३०० लेव्हल ज्यांनी रात्री जागून रचल्या ते या खटल्यात कुठेच नाहीत. भांडण दोन दुकानदारांचं.

देशोदेशीचं म्हणाल तर एकाच प्रश्नाला वेगवेगळी उत्तरं मिळाली आहेत. खेळ चालू असताना त्यातले आकडे बदलणारं ‘गेम जिनी’ हे उपकरण अमेरिकेत १९९२ मध्ये निर्दोष ठरलं आणि निन्टेन्डोला विक्री अडवून धरल्याबद्दल दीड कोटी डॉलर मोजावे लागले. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये नेमकं उलट ठरवलं. ‘तोकिमेकी मेमोरियल’ या प्रेमकथेच्या खेळात नायकाचे गुण वाढवून ठेवलेलं मेमरी कार्ड विकणं म्हणजे लेखकाच्या कथेची मोडतोड, असा तो निकाल. आणि युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सोनीला सांगितलं, की मूळ कोड न बदलता फक्त मेमरीतले आकडे बदलले तर सॉफ्टवेअरवरचा कॉपीराइट भंगत नाही. जपानी निकाल मला मुळीच पटत नाही. प्रेमात शॉर्टकट मारणाऱ्याला शिक्षा करायची तर कोर्टं पुरायची नाहीत.

पण मॉडरला खरी धडकी निकालाची नसते, नोटिशीची असते. २०२१ चं ‘री-थ्री’ प्रकरण घ्या. काही चाहत्यांनी ‘जीटीए ३’ आणि ‘व्हाइस सिटी’ हे वीस वर्षांपूर्वीचे खेळ उलगडून त्यांचा कोड पुन्हा उभा केला आणि गिटहब या संकेतस्थळावर ठेवला. जुन्या चुका दुरुस्त, नव्या यंत्रांवर चालणारा. चित्रं, आवाज, नकाशे त्यात नव्हते. ते तुमच्या मूळ प्रतीतून घ्यायचे. फेब्रुवारीत ‘जीटीए’ची मालक असलेल्या टेक-टू कंपनीने नोटीस दिली आणि कोड उतरला.

अमेरिकी कायद्यातल्या या नोटिशीची यंत्रणा पाहण्यासारखी आहे. कंपनी एक पत्र पाठवते, संकेतस्थळ मजकूर काढून टाकतं. न्यायाधीश वगैरे मध्ये कुणी नाही. तुम्हाला प्रतिनोटीस देता येते, पण तीत खरं नाव, पत्ता आणि फोन लिहावा लागतो, आणि अमेरिकेबाहेर राहत असाल तरी तिथल्या कोर्टाचा अधिकार मान्य करावा लागतो. त्यानंतर दहा ते चौदा कामाच्या दिवसांत कंपनीने दावा लावला नाही तर मजकूर परत येतो. म्हणजे टोपणनावाने छंद जोपासणाऱ्या माणसाने आपल्यावर दावा लावण्यासाठी लागणारा पत्ता स्वतःच कळवायचा. बहुतेक जण इथेच हात जोडतात. री-थ्रीवाल्यांनी प्रतिनोटीस दिली, कोड परत आला, आणि सप्टेंबरात कॅलिफोर्नियात दावा दाखल झाला. बचाव रास्त वापराचा होता. तो टिकतो का हे कळायच्या आधीच २०२३ मध्ये प्रकरण आपसात मिटलं.

दाव्यानंतर दोन महिन्यांनी याच खेळांची अधिकृत नवी आवृत्ती आली. त्याआधी जुन्या आवृत्त्या ऑनलाइन दुकानांतून काढून घेतल्या होत्या. नव्या आवृत्तीत पाऊस पडला की समोरचं दिसेना, इतका तो दाट. ‘टफ नट’ नावाच्या डोनटच्या दुकानावर मुळात सहा कोनांचा नट होता, नावातला विनोद तोच. चकचकीत करण्याच्या नादात त्याचे कोन घासले जाऊन ती नुसती गोल चकती झाली. विनोद कुणाच्या लक्षातच आला नाही. हे खेळ बनवणाऱ्या, टेक-टूच्याच रॉकस्टार कंपनीने आठवड्याभराने माफी मागितली आणि जुन्या आवृत्त्या परत विकायला ठेवल्या. त्या नटाचे कोन किती, हे मॉडरना पाठ होतं.

कंपन्यांची बाजू खोटी नाही. ऑनलाइन खेळात फसवणुकीची साधनं विकणारे स्वतःला मॉडर म्हणवतात, आणि अशा एकाला अमेरिकी कोर्टाने २०१९ मध्ये दीड लाख डॉलरचा दणका दिला तेव्हा मला वाईट वाटलं नाही. पण मूळ प्रत असल्याशिवाय चालत नाही आणि फुकट वाटला जातो, अशा मॉडला निदान न्यायाधीशापुढे उभं राहीपर्यंत तरी जागेवर राहू द्यावं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात यासाठी थोडी जमीन आहे. कलम ५२ कायदेशीर प्रत असलेल्याला प्रोग्राम तपासून त्यामागची तत्त्वं समजून घेऊ देतं, इतर प्रोग्रामशी जुळवण्यापुरती माहिती काढू देतं. २०१२ मध्ये आलेलं कलम ६५-ए डिजिटल कुलूप तोडण्याला गुन्हा ठरवतं, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच. ‘हेतू’ हा शब्द मोलाचा आहे. परदेशी दबावाखाली पुढेमागे दुरुस्तीचं विधेयक आलं, तर पहिल्यांदा याच शब्दावर कात्री चालेल. खासदारांनी तो जपावा.

आधी अडवायचं आणि मग जवळ करायचं, ही कंपन्यांची रीत जुनी आहे. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या जनरल कॉम्प्युटर या पोरासोरांच्या कंपनीने अटारीच्या ‘मिसाइल कमांड’ला जोडायचा सर्किट बोर्ड काढला. अटारीने दावा ठोकला, मग तडजोडीत त्यांनाच खेळ बनवायचं काम दिलं. मालकाच्या संमतीशिवाय असे बोर्ड काढायचे नाहीत, ही अट. म्हणून पॅक-मॅनवर रचलेला पुढचा बोर्ड घेऊन पोरं मिडवे कंपनीकडे संमती मागायला गेली. त्यातून ‘मिस पॅक-मॅन’ झाली.

चाळीस वर्षांत रीत तीच आहे. ‘फाइव्हएम’ हा जीटीएचे वेगळे सर्व्हर चालवू देणारा मॉड. २०१५ मध्ये रॉकस्टारने तो बनवणाऱ्यांची खाती बंद केली. पुढे त्यावरची रोल-प्ले शहरं जगभरच्या, आपल्याकडच्याही, स्ट्रीमरांमुळे तुफान चालली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये रॉकस्टारने फाइव्हएमची अख्खी मंडळीच विकत घेतली. त्याआधी, २०२२ मध्ये, सर्व्हर चालवणाऱ्यांसाठी सुधारलेलं धोरणही जाहीर केलं होतं. परवानगी आहे, क्रिप्टो आणि एनएफटी नको, व्यापारी गैरवापर नको. आणि कुठल्याही सर्व्हरला हरकत घेण्याचा हक्क कंपनीने राखून ठेवला आहे.