शिक्षा वाढवा, पण गाडी कधी मिळणार?

तालुक्याच्या गावात 'आपली गाडी' म्हणजे दारातली स्कूटी. मुलीचा क्लास, सासूबाईंचा दवाखाना, शाळेतली नोकरी, बचत गटाची बैठक, सगळं तिच्यावर. ती चोरीला गेली की नुसती वस्तू जात नाही. बाईचं जाणं-येणं पुन्हा दुसऱ्याच्या सोयीवर येतं. बँकेचा हप्ता मात्र सुरूच राहतो.

अशी चोरी झाली की गल्लीत पहिलं वाक्य ऐकू येतं, 'कायदा कडक करा, दहा वर्षं आत टाका!' राज्यांना अशी दुरुस्ती करता येते. हरियाणा आणि गुजरात या राज्यांनी सोनसाखळी हिसकावणाऱ्यांसाठी १० वर्षांपर्यंतची शिक्षा आणली होती. मागणी चुकीची नाही. पण आज कायदा काय सांगतो, ते आधी बघू या.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. साध्या चोरीला, म्हणजे कलम ३०३ खाली, ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जुन्या दंड संहितेतही तेवढीच होती. दुसऱ्यांदा दोषी ठरला तर १ ते ५ वर्षं सक्तमजुरी. माल किंवा प्रवासी नेणारं वाहन चोरलं तर कलम ३०५ खाली ७ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. दारातल्या स्कूटीची नोंद मात्र अनेकदा ३०३ खालीच होते. इथं स्पष्टता हवीच.

पण खरं सांगू? चोर काही कलमं वाचून चोरी करत नाही. आपण सापडणार नाही आणि सापडलो तरी खटला रेंगाळेल, याची त्याला खात्री असते. ती खात्री मोडली तर तीन वर्षंही पुष्कळ झाली. नाही मोडली, तर दहा वर्षंसुद्धा कागदावरच राहणार.

आणि जिची गाडी गेली तिचं काय? गाडी सापडली तरी 'मुद्देमाल' म्हणून ती पोलीस ठाण्याच्या आवारात ऊन-पावसात गंजत पडते. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००२ सालीच बजावलं होतं की, पंचनामा करा, फोटो काढा, हमीपत्र घ्या आणि गाडी मालकाला लवकर परत द्या. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही जप्त मालाचं वर्णन १४ दिवसांत तयार करून, पुढच्या ३० दिवसांत त्याचं काय करायचं याचा आदेश न्यायालयानं द्यावा, असं म्हटलं आहे. शिक्षेची वर्षं वाढवणाऱ्यांनी आधी हे दिवस पाळून दाखवावेत.

आपणही काही गोष्टी माहीत करून घेऊ. 'आमच्या हद्दीत येत नाही' म्हणून फिर्याद नाकारता येत नाही. ती ऑनलाइन पाठवली तर ३ दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते आणि तपास कुठवर आला, हे ९० दिवसांत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात चोरीची भरपाई मिळत नाही, तेव्हा पॉलिसी एकदा उघडून बघाच. आणि गाडी तुम्ही चालवता, हप्ता तुम्ही भरता, तर आरसी बुक कुणाच्या नावावर आहे? गाडी परत मागताना ज्याचं नाव कागदावर, त्यालाच आधी विचारतात.

आणखी एक. 'स्वस्तात मिळतेय, कागदपत्रं नंतर देतो' अशी गाडी घरात घेऊ नका. चोरीची आहे हे ठाऊक असून घेणं हा कलम ३१७ खाली गुन्हा आहे, त्यालाही ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. घेणारा आहे म्हणून तर चोराचं फावतं.

कायदा कडक करायला आपली ना नाही. पण उद्या कुणी सभेत जरबेच्या शिक्षेची घोषणा केली, तर टाळ्या वाजवण्याआधी एवढंच विचारा, 'आमच्या ठाण्याच्या आवारात किती गाड्या पडून आहेत, आणि त्या घरी कधी जाणार?'