बुडबुड्यांचा हिशेब

गेल्या आठवड्यात आमच्या चौथीच्या वर्गात एक गंमत केली. दोन पेन्सिलींना दोन्हीकडून टोकं काढली, त्या पुठ्ठ्यात खोचून खायचा सोडा घातलेल्या पाण्यात उभ्या केल्या आणि वरची टोकं तारांनी ९ व्होल्टच्या बॅटरीला जोडली. झालं, शिशांभोवती बुडबुडेच बुडबुडे! बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या पेन्सिलीपाशी जास्त. तो हायड्रोजन. (मोठं माणूस जवळ असेल तरच करून बघा. घरातल्या प्लगला हात लावायचा नाही आणि बुडबुड्यांजवळ काडी ओढायची नाही. आगाऊपणा नको!)

मी ऐटीत सांगितलं, "पुण्यात २०२२ साली हायड्रोजनवर चालणारी बस आणली होती. तिच्यातून धूर नाही, पाणी बाहेर पडतं." टाळ्या पडल्या.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, पण यात बॅटरी संपतेय की! ती कशानं भरायची?"

खरं सांगते, मी गप्पच झाले. सगळी मेख तिथंच आहे. पाण्यातून १ किलो हायड्रोजन काढायला निदान ९ लिटर पाणी आणि साधारण ५० युनिट वीज लागते. वीज कोळशाची असेल, तर एका युनिटमागे जवळजवळ १ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे ५० किलो! आज जगातला बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळशापासून काढतात. नैसर्गिक वायूपासून १ किलो काढताना साधारण १० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे कोळशाची वीज वापरणं त्याच्या पाचपट वाईट. बसमागे धूर दिसत नाही, कारण तो दूरच्या धुराड्यातून आधीच निघून गेलेला असतो.

ऊन-वाऱ्याच्या विजेवर काढला तर तो हरित हायड्रोजन. २०२३ मध्ये आपल्या सरकारनं त्यासाठी मोहीम मंजूर केली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं उद्दिष्ट आहे. पण पाणी तर लागणारच. शिवाय हा वायू इतका हलका की बारीकशा फटीतूनही निसटतो, आणि हवेत गेला की तिथला मिथेन जास्त दिवस टिकतो. मिथेननं पृथ्वी तापते.

दुसऱ्या दिवशी बॅटरी काढून छोटी सौरपाटी खिडकीत ठेवली. बुडबुडे आले. ढग आला, थांबले. ऊन पडलं, पुन्हा सुरू!

ती मुलगी बघत होती. म्हणाली, "बाई, मग दिवसा भरून ठेवायचा आणि रात्री वापरायचा?"

आता घरचं वीजबिल काढा बघू. तुमच्या घरी महिन्याला लागणाऱ्या विजेत किती किलो हायड्रोजन निघेल? उत्तर मला पत्रानं कळवा.