दुसऱ्या गाडीचं भाडं



गेल्या रविवारी वडोदऱ्यातल्या आमच्या सोसायटीची मीटिंग दोन तास चालली. विषय एकच: ज्यांच्याकडे दुसरी गाडी आहे, त्यांनी तिच्या जागेचे महिन्याला वेगळे पैसे द्यावेत का? आवाज चढले, जुनी भांडणं निघाली. मी मात्र गप्प होतो. आमच्या चिरंजीवांना नुकतीच नोकरी लागली आहे आणि घरात दुसऱ्या गाडीची बोलणी चालू आहेत!

घरी येऊन हिशोब मांडला. एका गाडीला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर जागा लागते, म्हणजे जवळजवळ 135 चौरस फूट. एक बेडरूमच की! या जागेची फरशी, दिवे, वॉचमन, सगळ्याचा खर्च मेंटेनन्समधून जातो. तो तळमजल्यावरच्या काकूही भरतात, आणि त्यांच्याकडे साधी सायकलसुद्धा नाही. पार्किंगचा आयुष्यभर अभ्यास केलेले अमेरिकन प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी 2005 साली एका जाडजूड ग्रंथात हेच मांडलं: फुकट पार्किंगचे पैसे कुणीतरी भरतच असतं, फक्त ते दिसत नाहीत.

जपानने ते दिसतील अशी सोय 1962 मध्येच केली. तिथे बहुतेक ठिकाणी गाडी नावावर करायची तर आधी हक्काची जागा दाखवावी लागते. ती घरापासून दोन किलोमीटरच्या आत हवी, आणि दाखला पोलीस देतात. रात्रभर रस्त्यावर गाडी लावायला बंदी. त्यामुळे टोकियोत जागेचं भाडं महिन्याच्या खर्चात धरावंच लागतं. तिथे दोन घरांमागे सरासरी एकसुद्धा गाडी भरत नाही. अर्थात त्याचं मोठं श्रेय तिथल्या रेल्वेलाही आहे.

जर्मनीत फ्रायबुर्गमधल्या फाउबान वसाहतीत गाडीवाल्याला वसाहतीच्या कडेच्या पार्किंग इमारतीत हजारो युरो देऊन जागा घ्यावी लागते. गाडी नसलेल्यांना तो खर्च नाही. घरासमोरच्या गल्ल्यांत मुलं खेळतात.

आता धुराचा काय संबंध, असं तरुण मंडळी विचारतील. एकदा गाडी दारात आली की हप्ता आणि विमा ठरलेलेच. मग प्रत्येक फेरीला फक्त पेट्रोलचा खर्च वाटतो आणि कोथिंबीर आणायलाही चावी हातात येते. दुसरी गाडी वर्षाला 5,000 किलोमीटर चालली आणि लिटरला 15 किलोमीटर धावली, तर सुमारे 333 लिटर पेट्रोल जळेल. एका लिटरमागे साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे वर्षाला साडेसातशे किलोंच्या वर. जागेचं भाडं हा खर्च गाडी घेण्यापूर्वीच डोळ्यांसमोर आणतं. खरा निर्णय तिथेच होतो.

मीटिंगमधल्या हरकतीही खोट्या नव्हत्या. आपल्याकडे टोकियोसारखी रेल्वे नाही. एकट्या आमच्या सोसायटीने पैसे घेतले तर गाड्या फाटकाबाहेर रस्त्यावर जातील. शिवाय कुणाला म्हाताऱ्या आईवडिलांना सारखं दवाखान्यात न्यावं लागतं. फ्रायबुर्ग शहरानेही रहिवाशांच्या पार्किंग पासची फी वर्षाला 30 युरोंवरून साधारण 360 केली होती. 2023 मध्ये न्यायालयाने तो नियम रद्द केला. गाडीच्या लांबीनुसार केलेले दर न्यायालयाला पटले नाहीत आणि गरिबांना दिलेली सवलतही कायद्यात बसली नाही. दर लावणं सोपं, तो सगळ्यांना न्याय्य वाटेल असा लावणं अवघड.

म्हणून पुढच्या मीटिंगमध्ये मी बोलणार आहे. पहिली गाडी आहे तशी राहू द्या. दुसरीला भाडं लावा, आजारपण-अपंगत्व असेल तिथे सूट द्या, आणि जमलेल्या पैशांतून गाडी नसलेल्यांचा मेंटेनन्स कमी करा. काकूंच्या बिलात फरक दिसला की पुढची चर्चा शांतपणे होईल.

चिरंजीवांनाही सांगून टाकलं, "गाडी घे बाबा, पण तिच्या खोलीचं भाडं तुझ्या पगारातून." तो काही बोलला नाही. रात्री उशिरा पाहिलं तर वहीत दोन रकाने आखून बसला होता. एकावर लिहिलं होतं 'गाडी', दुसऱ्यावर 'रिक्षा'.